अहिराणी ओव्यांचं पुस्तक करायचंय: वर्ड, लिब्रेऑफिस की अजून काही?

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९.१०
नमस्कार. मुक्काम अमळनेर तालुका. प्राथमिक शाळेतली नोकरी संपून चार वर्षं झाली. आई आणि तिच्या बरोबरीच्या बायकांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि कानबाईची गाणी, अशा पाच वह्या घरात आहेत. सगळं अहिराणीत. प्रत्येक ओवीखाली प्रमाण मराठीत अर्थ, शेवटी शब्दांची यादी, मध्ये दहा-बारा फोटो. अंदाजे दोनशे पानं होतील.

सध्या अवस्था अशी: पहिल्या दोन वह्या २००९ साली एका ऑपरेटरकडून टाइप करून घेतल्या होत्या, ती सीडी आहे. उरलेल्या तीन घरीच लॅपटॉपवर यूनिकोडमध्ये टाइप झाल्या. काही वर्डमध्ये, काही गूगल डॉक्समध्ये, थोडं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेलं.

छापखान्यात विचारलं तर म्हणाले, "पेजमेकरची फाइल आणा, वर्डचं आम्ही घेत नाही." भाचा म्हणतो लिब्रेऑफिस घ्या, फुकट आहे. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणते लाटेक, म्हणजे मजकुरात खुणा टाइप करून पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. नेमकं काय घ्यावं? लॅपटॉप जुना, ४ जीबीचा. पैसे पेन्शनीतले.

केळीबाग | सोमवार, रात्री ९.२५
वर्ड आहे ना? मग झालं की. आमच्या सोसायटीचा अहवाल दरवर्षी वर्डमध्येच होतो. कशाला डोक्याला ताप!

खिळे_ते_माउस | सोमवार, रात्री ११.०२
दादा, मी भुसावळचा. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, मी पंचवीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम करतोय. तुमच्या छापखानेवाल्याची बाजू आधी सांगतो, कारण तो उगाच अडवतोय असं नाही.

पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर १९८५ चं, आल्डस कंपनीचं. १९९४ ला ॲडोबीने आल्डसच घेतली, १९९९ ला इनडिझाइन आणलं आणि पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ला निघाली ती शेवटची. तिकडे ते संपलं. आपल्याकडे अजून लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थेचे अहवाल त्यावरच चालू आहेत. कारण आपले जुने मराठी फॉन्ट. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठीचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा क एका कळीवर, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. पेजमेकरला वाटतं आपण इंग्रजीच लावतोय. त्याला काही कळायची गरजच नाही, त्यामुळे ते सुसाट चालतं.

यूनिकोडचं उलट आहे. फाइलमध्ये फक्त अक्षरांचा उच्चारातला क्रम असतो. "कि" म्हणजे आधी क, मग पहिली वेलांटी. वेलांटी उचलून क च्या आधी नेणं, "र्म" मधला र डोक्यावर चढवणं, जोडाक्षर बांधणं, हे काम सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून करतात. पेजमेकरला ते येत नाही. तुमचा मजकूर तिथे पेस्ट केला की सगळ्याचा भुगा. म्हणजे "वर्ड चालत नाही" याचा खरा अर्थ "यूनिकोड चालत नाही" असा आहे.

म्हणून माझं म्हणणं: पेजमेकरच्या मागे लागून तीन वह्या पुन्हा जुन्या फॉन्टात नेऊ नका. उलट सीडीवरच्या दोन यूनिकोडमध्ये आणा. लिहायचं कशात हा प्रश्न नंतरचा, आणि पानं लावायची कशात हा त्याच्याही नंतरचा. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरने करायला पाहिजे असं कुठे आहे?

बोरीकाठ | मंगळवार, सकाळी ७.४०
आधी एक दुरुस्ती: दादा नाही, ताई. :)

सीडी लावून बघितली. फाइल उघडते, पण सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. तो फॉन्ट माझ्याकडे नाही. इंटरनेटवर एक कन्व्हर्टर मिळाला, त्यात टाकलं. ऐंशी टक्के मराठी झालं, पण "शेतकऱ्या", "वऱ्हाड", "ऱ्हायना" या सगळ्यांतला र बिघडला. कुठे रफार झाला, कुठे गायबच. अहिराणीत तर दर दुसऱ्या ओळीत "ऱ्हायना" आणि "पोऱ्या" आहे. साठ पानं हाताने सुधारायची का?

सातपुड्याचं_पाखरू | मंगळवार, सकाळी १०.१५
ताई, त्या मुलीला माझाही पाठिंबा. मी धुळ्यात पीएचडीचं लिखाण लाटेकमध्ये करतोय. म्हणजे झीलाटेक, कारण यूनिकोड फॉन्ट थेट चालतात. मूळ टेक डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये आणलं, त्यांच्याच पुस्तकाची नवी छपाई त्यांना बघवेना म्हणून. तुमच्या पुस्तकाला त्यात एक मोठी सोय आहे: डाव्या पानावर अहिराणी, उजव्या पानावर अर्थ, आणि दोन्ही बरोबरीने पुढे सरकतात. वर्डमध्ये हे धड होत नाही. तळटीपा, शब्दसूची, अनुक्रमणिका आपोआप. फाइल साधी टेक्स्टची, वीस वर्षांनीही उघडेल.

खरं तेही सांगतो. पहिले पंधरा दिवस एक कंस राहिला म्हणून अख्खं पुस्तक अडून बसतं, आणि चूक कुठल्या ओळीत ते सांगताना ते जे इंग्रजी बोलतं ते कोणत्याच इंग्रजीच्या सरांना कळणार नाही.

केळीबाग | मंगळवार, सकाळी १०.२२
ताईंना पुस्तक काढायचंय हो, रॉकेट नाही.

खापरावरची | मंगळवार, दुपारी १.३०
मी जळगावला एका ग्रंथालयात आहे. आमच्याकडे लिब्रेऑफिसवरच काम चालतं, त्यामुळे त्याबद्दल अनुभवाने बोलते. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं, पैसे लागत नाहीत, ४ जीबीवर बरं चालतं.

पण मराठीवाल्यांसाठी त्यात एक खड्डा आहे आणि प्रत्येक जण त्यात एकदा पडतो. लिब्रेऑफिस एका परिच्छेदासाठी दोन फॉन्ट लक्षात ठेवतं: एक पाश्चात्त्य लिपीचा, एक "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट"चा. देवनागरी त्या दुसऱ्यात येते. सेटिंग्जमध्ये भाषांच्या पानावर ती खूण केलेली नसेल तर दुसरा रकाना दिसतच नाही. मग शैलीत तुम्ही फॉन्ट बदलता, आकार १४ करता, आणि मराठी अक्षर जागचं हलत नाही. वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. नाही, तुम्ही इंग्रजीचा आकार वाढवून बसलात. वर्डमध्येही फॉन्टच्या खिडकीत "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" असा वेगळा रकाना असतो, तोही बघत चला.

दुसरं, शैली वापरा. म्हणजे ओवी निवडून ठळक करायची, आकार वाढवायचा, असं हाताने दोनशे पानं करायचं नाही. "ओवी", "अर्थ", "प्रकरण" अशा तीन-चार शैली बनवायच्या आणि प्रत्येक परिच्छेदाला त्यातली एक लावायची. नंतर मन बदललं तर शैली एकदा बदला, सगळं पुस्तक बदलतं. "ओवी" शैलीत "पुढच्या परिच्छेदासोबत ठेवा" ही खूण केली की ओवी एका पानाच्या तळाशी आणि तिचा अर्थ दुसऱ्या पानावर, असं होत नाही. आणि त्याच शैलीत शुद्धलेखन तपासणी बंद करा, नाहीतर "शे", "माले", "तुले" सगळ्याखाली लाल रेघा. पानावर गोवर उठल्यासारखं दिसतं.

बोरीकाठ | मंगळवार, दुपारी ३.०५
गोवर! अगदी तसंच दिसतंय. आणि व्हॉट्सॲपवर टाइप करताना मोबाइल "शे" चं "शेवट" करून टाकतो.

गिरणामाय | मंगळवार, संध्याकाळी ६.४५
ताई, बोलून टाइप का करत नाही? गूगल डॉक्समध्ये मराठी चालतं. मी माझी सगळी डायरी तशीच लिहिते.

बोरीकाठ | मंगळवार, रात्री ८.००
करून बघितलं. अर्थ लिहायला फार छान, मी बोलते तसं उतरतं. ओवी म्हटली की मात्र ते मला सुधारतं. मी "केयी" म्हणते, ते "केळी" लिहितं. "धुये" म्हटलं तर "धुके".

खिळे_ते_माउस | मंगळवार, रात्री १०.५०
त्या "ऱ्ह" बद्दल. ताई, ही चूक कन्व्हर्टरची नेहमीची. जुन्या फॉन्टात रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, यूनिकोडमध्ये आधी लागतो. पहिली वेलांटी तिकडे अक्षराच्या आधी, इकडे नंतर. कन्व्हर्टर एवढी फिरवाफिरवी करतो. पण डोळ्याच्या पापणीसारखा तो आडवा र आहे, त्याच्यासाठी जुन्या फॉन्टात वेगळा तुकडा असायचा आणि बऱ्याच कन्व्हर्टरांना तो माहीतच नसतो. सुधारायला हाताने साठ पानं नको. बिघडलेला नमुना एकदा बघून ठेवा आणि "शोधा-बदला" मध्ये तो टाकून एकेक करत जा. सगळे एकदम बदलू नका, "दर्या" आणि "दऱ्या" दोन्ही खरे शब्द आहेत.

टाइप करायला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू: ऱ्ह झाला. य हवा असेल तर शेवटी यू ऐवजी तिरकी रेघ.

आणि फॉन्ट निवडण्याआधी एक ओळ टाइप करून बघा. माझी नेहमीची ओळ: "शेतकऱ्याच्या गुऱ्हाळावर वऱ्हाडी, उद्ध्वस्त ब्रह्म, आर्द्र चिन्ह, ॲप, लाल शाल." जो फॉन्ट ही ओळ सरळ दाखवतो तोच घ्या. "लाल शाल" मुद्दाम आहे: आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, हिंदीचा वेगळा. काही फॉन्टांत दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा "मराठी" लावली तरच आपले दिसतात. भाषा "हिंदी" राहिली तर पुस्तक अमळनेरचं आणि ल इंदूरचा.

मजकुराला मी तिरो देवनागरी मराठी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका सुचवेन, मथळ्यांना मुक्ता. तिन्ही मोफत, छपाईला परवानगीची कटकट नाही. स्क्रीनवरचा मंगल कागदावर नको, पुस्तकाचं पत्रक होतं.

पांझरा_पुल | बुधवार, सकाळी ९.१२
खिळेभाऊंना एक विचारतो. लिब्रेऑफिसमधून थेट पीडीएफ काढून छापायला दिली तर काय बिघडतं? मी आमच्या मंडळाची ८० पानी स्मरणिका तशीच काढली. आणि स्क्रायबस का कोणी सांगत नाही? मोफत आहे, खास पानं लावण्यासाठीच आहे.

खिळे_ते_माउस | बुधवार, दुपारी २.२०
काही बिघडत नाही. साध्या गद्य पुस्तकाला मीही तेच सांगेन. फॉन्ट आत बसलेली पीडीएफ असली की छापखान्याला सॉफ्टवेअर कोणतं होतं याच्याशी घेणंदेणं नसतं, छपाईची प्लेट त्यावरून निघते. ताई, तुमच्या छापखान्याला "पेजमेकर की वर्ड" विचारूच नका. "पीडीएफवरून प्लेट काढाल का" एवढंच विचारा.

स्क्रायबसमध्ये आधी आपली जोडाक्षरं नीट जुळायची नाहीत. १.५ च्या चाचणी आवृत्त्यांत ते सुधारलं आणि २०२४ च्या जानेवारीत १.६ ही स्थिर आवृत्ती आली. जुन्या आवृत्तीवर हात पोळलेले लोक अजून नाव काढत नाहीत. आता बघायला हरकत नाही, पण दोनशे पानं ४ जीबीवर, शिकता शिकता? मी तरी ताईंना त्या वाटेला लावणार नाही.

इनडिझाइनमध्येही एक मेख आहे, इथे वाचणाऱ्या ऑपरेटर मंडळींसाठी लिहून ठेवतो. सीएस६ पासून (२०१२) भारतीय लिप्या येतात, पण परिच्छेदाला "वर्ल्ड-रेडी कंपोझर" निवडावा लागतो. तो न निवडता मजकूर ओतला की वेलांट्या उलट्या, आणि मग "इनडिझाइनला मराठी येत नाही" म्हणून परत पेजमेकर. जिल्ह्यातल्या निम्म्या दुकानांत मी हेच ऐकलंय.

सातपुड्याचं_पाखरू | बुधवार, दुपारी २.४०
+१. आणि लाटेकचं माझं मत मी मागे घेतो असं नाही, पण ताईंनी समोरासमोर पानं नको, अर्थ ओवीखालीच हवा असं ठरवलं असेल तर त्याची खरी गरज उरत नाही.

बोरीकाठ | गुरुवार, रात्री ९.३०
अर्थ ओवीखालीच हवा. आई वाचायची तेव्हा बोट ठेवून वाचायची. डाव्या पानावरचं बोट उजव्या पानावर नेताना ओळ हरवते.

आता एक वेगळीच अडचण. कन्व्हर्ट झालेली साठ पानं वहीशी ताडून बघायला बसले. सॉफ्टवेअरचा दोष नाही. त्या ऑपरेटरने २००९ साली माझी अहिराणी "शुद्ध" करून ठेवली आहे. वहीत "डोया", त्याने "डोळा". वहीत "पानी", त्याने "पाणी". "केयी" ची "केळी", "काया" ची "काळा". त्या वेळी मी प्रूफ वाचलंच नव्हतं, शाळेत निवडणुकीच्या याद्या चालू होत्या. बिचाऱ्याने चांगल्या मनानेच केलं असेल. पण वाचताना आईच्या तोंडून कोणी दुसरीच बाई बोलतेय असं वाटतं.

सगळ्या ळ चा य करायचा तर खालचे मराठी अर्थही बिघडतील. आता हे मात्र हातानेच करावं लागणार ना?

खापरावरची | गुरुवार, रात्री १०.१०
इथेच शैली कामाला येतात ताई. वर्डच्या "शोधा-बदला" मध्ये "अधिक" दाबलं की खाली "फॉरमॅट", त्यात "स्टाइल". शोधायच्या रकान्यात "डोळा" लिहा आणि स्टाइल "ओवी" निवडा. मग ते फक्त ओव्यांत शोधतं, अर्थाला हात लावत नाही. लिब्रेऑफिसमध्ये शैलीची अशी गाळणी मला लावता आलेली नाही. तिथे शैली शोधली की त्या शैलीचे परिच्छेदच सापडतात. मी लिब्रेऑफिसवाली असून सांगते: या एका कामासाठी वर्डच वापरा. लॅपटॉपवर आहेच.

फक्त अक्षर बदलू नका, शब्द बदला. ळ चा य सरसकट केला तर जिथे गाणारीने खरंच ळ म्हटला असेल तोही जाईल. नंदुरबारकडची म्हण आणि पारोळ्याकडची म्हण एकसारखी बोलली जात नाही.

गिरणामाय | गुरुवार, रात्री १०.३१
पारोया म्हणा. :D

बोरीकाठ | रविवार, दुपारी ४.१५
तीन दिवस लागले. शंभरेक शब्दांची यादी वहीतून काढली आणि एकेक शब्द "ओवी" शैलीत शोधून बदलला, प्रत्येक ठिकाणी वही बघून. अकरा ठिकाणी ळ तसाच ठेवला, तिथे वहीतही ळ होता. सगळ्या फाइली आता एकाच वर्ड फाइलमध्ये, चार शैली, अहिराणीची लाल तपासणी बंद. फोटो फाइलमध्ये टाकले नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, जागेवर "[फोटो ४]" असं लिहिलंय. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, एक भाच्याकडे.

छापखान्यात पीडीएफचं विचारलं. म्हणाले, "पीडीएफ असेल तर मग काय, आणा की." एवढे दिवस हे सांगायला काय झालं होतं!

खिळेभाऊ, पानं तुम्ही लावून द्याल का? व्यनि (खासगी निरोप) केलाय.

खिळे_ते_माउस | रविवार, रात्री ११.२०
व्यनि मिळाला, करतो. आकार डेमी धरलाय, साडेपाच बाय साडेआठ इंच. सोळा पानांचा एक फॉर्म. तुमची पानं १९७ भरतात म्हणजे तेरा फॉर्म, २०८ पानं. अकरा पानं उरतात, त्यात अर्पणपत्रिका, आईचा फोटो आणि शब्दसूची मोकळी लावता येईल. सूची नऊ पॉइंटात दाबायची गरज नाही.

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते आकसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चार इंच रुंद छापायचा तर १२०० पिक्सेल तरी रुंद हवा. जात्याचा तो तिसरा फोटो ४८० चा आहे, पुन्हा काढा. जातं अजून आहे ना?

बोरीकाठ | सोमवार, सकाळी ६.५५
आहे. ओट्यावर कुंडी ठेवलीय त्याच्यावर. उन्हं चढायच्या आत काढते.

केळीबाग | सोमवार, सकाळी ७.३०
शेवटी वर्डच ना! मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

खापरावरची | सोमवार, सकाळी ७.३४
हो भाऊ, हो.

खिळे_ते_माउस | पुढचा शनिवार, रात्री १०.०५
ताई, पहिलं प्रूफ मेल केलंय. एक कबुली देतो. पान १७ वर एका ओळीत फाटलेला शब्द मी हाताने पुन्हा टाइप केला आणि "केयी" ची परत "केळी" झाली. पंचवीस वर्षांची सवय, बोटं ऐकत नाहीत. बाकी कुठे असं केलंय का, ते मला माझं दिसणार नाही.

बोरीकाठ | रविवार, सकाळी ८.२०
पान १७, ५२ आणि १३०. लाल पेनाने खूण करून पाठवते. बठ्ठं व्हई जाई.